निळ्या टिकांची हजेरी

दणके सरांचा हात आधी पडायचा आणि प्रश्न मागून ऐकू यायचा. "कुठं हुतास?" हे शब्द कानावर येईपर्यंत तो कान शेकून निघालेला असायचा. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण मुरुमच्या आमच्या शाळेत ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. ते पी.टी.चे सर. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि तळहात असा रुंद की एका फटक्यात गाल, कान आणि मान तिघांचंही भागायचं. मैदानावर ते लाठीकाठी शिकवायचे, लेझीम शिकवायचे, खो-खो शिकवायचे, आणि यातलं काहीच चालू नसेल तेव्हा मारायचे.

"सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो," असं आता टक्कल पडलेले लोक कौतुकाने सांगतात. मला ते ऐकलं की चीड येते. आम्ही मार खाऊनसुद्धा जे व्हायचं ते झालो. माझ्या वर्गातल्या एका पोराने सरांच्या भीतीने शाळा सोडली ती सोडलीच. आता तो बैलबाजारात दलाली करतो आणि अजून सरांचं नाव निघालं की उठून जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी सरांबद्दल प्रेमाने लिहिणार आहे आणि ते वाचून कुणी छडीच्या बाजूने माझी साक्ष काढू नये.

अशा माणसाकडे विज्ञानाचा ग्रुप आला तो निव्वळ व्हॉट्सॲपच्या कृपेने. लॉकडाऊनमध्ये आमच्या विज्ञानाच्या सरांनी जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप काढला होता आणि त्यात दणके सरांनाही घेतलं होतं. नाव ठेवलं होतं 'असं का?' पुढे त्यांची बदली झाली, ते ग्रुप सोडून गेले, आणि ॲडमिन कुणीच उरला नाही म्हणून व्हॉट्सॲपने आपल्या मनाने एकाला नेमलं. तो एक म्हणजे दणके सर. ते तेव्हा निवृत्त झाले होते. मोबाईल घेऊन माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आले.

"हे बघ रं काय झालंय. मला ॲडमिन म्हणायलंय हे."

"सर, तुम्ही ग्रुपचे प्रमुख झालात."

"मंग आता काय करायचं?"

"काही नाही करायचं. तिथं कुणीच काही करत नाही."

हे बोलायला नको होतं. एवढी माणसं एका जागी जमलीत आणि कुणीच काही करत नाही, हे वाक्य पी.टी.च्या सरांपुढे बोलायचं नसतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हात उठतो की काय. पण त्यांनी फक्त विचारलं, "वाचतेत तरी का लोक?" मीच मग त्यांना दाखवलं की आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की कुणी कुणी वाचला त्यांची नावं दिसतात. तिथून पुढे आमच्यापैकी कुणाला सुख लागलं नाही.

तोवर ग्रुपवर काय चालायचं ते सांगायला नको. असे ग्रुप तुमच्याही मोबाईलमध्ये असतील. शुभ सकाळ, वाढदिवसाचा केक, हळद पाण्यात घेतल्याने बरे होणारे सर्व आजार. सरांनी रोज सकाळी एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. विज्ञानात ते स्वतः काठावर पास झालेले. त्यामुळे त्यांचे प्रश्न खरोखर उत्तर माहीत नसलेल्या माणसाचे असत. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न आटता नाचतो कशामुळं? विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? म्हशीला रंग दिसतात का? प्रश्न टाकून ते तासाभराने हजेरी घ्यायचे. ज्याने वाचलं आणि लिहिलं नाही त्याला फोन. फोन उचलला नाही तर मोटारसायकल काढून त्याच्या दारात.

माझ्याकडे ते तव्यावरच्या थेंबासाठी आले होते. दुकानात गिऱ्हाईक उभं. सरांनी काउंटरवरून हात घालून माझी कॉलर धरली.

"निळी टिक दिसतीया. वाचलंस न्हवं?"

"हो सर, पण नक्की माहीत नव्हतं म्हणून..."

"नक्की मला तरी कुठं ठावं हाय? चुकीचं लिही, पर सोताचं लिही. गप बसलास तर हितंच हाणीन."

गिऱ्हाईक सीलिंग फॅन तिथंच ठेवून निघून गेलं. मी घामाघूम होऊन लिहिलं, 'खालून वाफ होत असेल, त्यावर थेंब तरंगत असेल.' मी घरी पोचल्यावर ग्रुपवर सरांचा आवाज आला, "आसंल म्हंजी काय? करून बघ आन सांग." त्या संध्याकाळी चाळिशी ओलांडलेला मी बायकोच्या तव्यावर चमच्याने पाणी टाकत बसलो होतो, आणि बायको वहिनीला फोन करून सांगत होती की ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

फॉरवर्ड करणाऱ्याची मात्र धडगत नसे. ग्रहणात शिजवलेलं अन्न विषारी होतं, असा कुठलासा मेसेज एकाने पुढे ढकलला. त्यावर सरांनी आवाजात जे उत्तर पाठवलं ते इथे छापता येणार नाही; त्यात त्या माणसाच्या तंगडीचं काय करणार हे होतं आणि त्याच्या वडिलांचा उल्लेख होता. शेवटी मात्र सर म्हणाले, "तू सोता कधी ग्रहणात जेवलाईस का? जेव आन काय झालं ते हितं लिही." पुढच्या ग्रहणात त्या बिचाऱ्याने ताट वाढून घेतलेला फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी 'पोट ठीक आहे' असंही लिहिलं.

आमच्या भागातली माणसं एकदा बोलायला लागली की नुसत्या बोलण्यावर भागत नाही. दिवसा चंद्र का दिसतो, यावरून मुरुमचे एक आडते आणि जळकोटला दूध डेअरी चालवणारा बाळू यांची ग्रुपवर जुंपली. बाळू अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. आठवडी बाजारात दोघं समोरासमोर आले आणि चंद्र राहिला बाजूला, बाळूने आडत्यांना भुसाराच्या पोत्यावर पाडून बुकललं. सर मध्ये पडले. दोघांच्याही मुस्कटात एकेक ठेवून दिली आणि रक्ताळलेल्या नाकाने ऐकणाऱ्या त्या दोघांना म्हणाले, "आता घरला जावा आन काय भांडायचं ते लिवून भांडा. हात न्हाय लावायचा." हे त्यांनी कुठल्या तोंडाने सांगितलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण त्या दिवसापासून ते दोघं ग्रुपवर सगळ्यात जास्त लिहायला लागले. बाळू तर इतका, की आम्ही त्याला सरांचा बॉडीगार्ड म्हणायचो.

वर्षभरात ग्रुप असा गजबजला की सकाळी सरांचा प्रश्न यायच्या आतच कुणीतरी आपला टाकलेला असे. फक्त काही मंडळी वाचायची आणि गप्प राहायची. त्यात सुवर्णा होती.

सुवर्णा मुरुमजवळच्या एका वाडीवरची, शाळेत खो-खोची कप्तान. सरांनी तिला कधी मारलं नाही, कारण ती कधी त्यांच्या हाती लागली नाही. बारावी होताच तिचं लग्न झालं आणि ती माकणीच्या पुढे, धरणाच्या अंगाला एका गावात नांदायला गेली. गावाचं नाव मी लिहीत नाही. नवरा पुण्याला गाडी चालवायचा. घरात सासू, शेजारी भिंतीला भिंत लागून चुलत दिराचं घर. नवऱ्याचा जुना मोबाईल तिच्याकडे होता आणि त्यावर ती ग्रुप वाचायची, रोज, एकही प्रश्न न चुकता. सरांनी एकदा माझ्या दुकानातूनच तिला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"सुवर्णे, रोज वाचतीस आन येक अक्षर लिवत न्हाईस. मिठाची गुळणी धरलीस का गं?"

"सर, लिवायला बसलं की सासूबाई इचारतेत, कुणाला लिवायलीस म्हणून. काय सांगू?"

सरांनी मोबाईल तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "तर मग लिवू नको. काय तरी करून फोटू टाक. फोटूला कोण काय म्हणतंय?"

त्याच आठवड्यात बाळूने विचारलं होतं की सेलमध्ये वीज येते तरी कुठून. ग्रुपवर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांनी सविस्तर लिहिलं, दोन धातू, मध्ये आंबट रस, लिंबाचासुद्धा सेल होतो. आडते म्हणाले, थापा आहेत. सर म्हणाले, कुणीतरी करून दाखवा. सगळे गप्प. आणि तेव्हा सुवर्णाचा पहिला मेसेज आला, 'मी करते.'

तिचा भाऊ माझ्या दुकानातून तांब्याची तार, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि एक बारका लाल एलईडी बल्ब घेऊन गेला. लिंबाचं झाड तिच्या अंगणातच होतं. दोन दिवसांनी फोटो आला. गोठ्यातला काळोख, भिंतीतला कोनाडा, त्यात ओळीने ठेवलेली लिंबं. प्रत्येकात एक खिळा घुसवलेला, प्रत्येकाला तार गुंडाळलेली, आणि टोकाला मसुराएवढा लाल दिवा, पेटलेला.

त्या दिवशी ग्रुपवर जे झालं ते मी विसरणार नाही. आडत्यांनी हार मानली. बाळूने फटाक्यांची चित्रं टाकली. सर दुकानात येऊन माझ्या पाठीत असा गुद्दा घालून गेले की दोन दिवस मला वाकता येईना, आणि तो आनंदाचा गुद्दा होता. त्यांनी ग्रुपवर आवाजात "शाब्बास" म्हटलं. आमच्यापैकी कुणीही तो शब्द त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. मग लगेच पुढचा प्रश्न, "सुवर्णे, दिवा किती दिस चालतुया ते बघ. तसाच ऱ्हाऊ दे."

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आम्ही सगळे याच भागातले. तिठ्यावर टाकलेलं लिंबू दिसलं की आईने हाताला धरून लांबून नेलेली पोरं आम्ही. लिंबात खिळा आणि वर गुंडाळलेली तार, गोठ्याच्या कोनाड्यात लपवून ठेवलेली, हे बघून गावात काय वाटेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्या नाही, प्राध्यापकांच्या नाही, सामान विकणाऱ्या माझ्याही नाही. आम्हाला त्या फोटोत फक्त दिवा दिसला.

तीन-चार दिवसांनी चुलत दिराचा बैल पोट फुगून मेला. दीर सुवर्णाच्या गोठ्यात दोरखंड घ्यायला गेला आणि त्याला कोनाडा दिसला.

सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. ग्रुपवर सुवर्णाचा आवाज आला. ती धापा टाकत होती. "सर, भावजींचा बैल मेलाय. लिंबं घावली त्यास्नी. म्या करणी केली म्हणायलेत. दार फोडायलेत सर." मागे खरंच दारावर काहीतरी आपटत होतं. पुढे काही नाही.

मी शटर ओढेपर्यंत सर दुकानापुढे उभे होते. मी मोटारसायकल काढली, ते मागे बसले. निघताना त्यांनी ग्रुपवर आवाज पाठवला, "सुवर्णे, निघालो. बाकीच्यांनी हितं लिवा, कोण कोण येतंय." मी पोलिसांना फोन करून गाव सांगितलं आणि गाडी दामटली. सबंध रस्ताभर सर मागे मोबाईल धरून बसले होते. खड्ड्यात गाडी आदळली की त्यांचं डोकं माझ्या पाठीला लागायचं, पण त्यांनी मोबाईल खिशात टाकला नाही. माकणी मागे पडली तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यांनी वाचलंय की रं." मी गाडीचा वेग वाढवला. ते परत म्हणाले, "बाळूनं बी वाचलंय."

आवाज वेशीतच ऐकू आला. अंगणभर माणसं होती. सुवर्णाला म्हशीच्या खुंट्याला बांधलं होतं. केस ठिकठिकाणी उपटलेले, लुगड्यावर शेण आणि रक्त. चुलत दीर तिच्यापुढे दगड घेऊन बसला होता आणि तिचे पुढचे दात त्याने पाडले होते. करणी करणाऱ्या बाईचे दात पाडले की तिला मंत्र म्हणता येत नाही, असं मानतात. मी ते लहानपणी गोष्टीत ऐकलं होतं. कुणी खरोखर बसून, डोकं घट्ट धरून, एकेक करून ते करत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सासू ओसरीवर होती. ती रडत नव्हती आणि ओरडतही नव्हती.

गाडी थांबायच्या आत सर उतरले आणि मैदानावरच्या आवाजात गरजले, "लाईनीत उभे ऱ्हावा." मी चेष्टा करत नाही, गर्दीतल्या पाच-सहा जणांच्या पाठी खरोखर ताठ झाल्या. आमच्याच शाळेची पोरं होती ती. तेवढ्या क्षणात सर खुंट्यापाशी पोचले, दिराच्या कानशिलात अशी बसवली की तो दगडासकट कोलमडला, आणि दोर सोडायला लागले.

तिला उचलून तसंच निघायला हवं होतं. मी ओरडून सांगत होतो. पण सरांना पटवून द्यायचं होतं. पुराव्याला म्हणून ती लिंबं मातीत मांडून ठेवली होती. सरांनी ती गोळा केली.

"ही करणी न्हाय. ह्याची बॅटरी हुतीया. म्याच सांगितलं हुतं तिला करायला. हिकडं बघा."

त्यांनी लिंबं बोटांनी चेपली, रस सुटला, तारा जोडल्या आणि उन्हात दिसावं म्हणून दोन्ही तळहातांची ओंजळ करून तिच्या आत तो बल्ब धरला. त्या रुंद हातांच्या अंधारात लाल ठिणगी पेटली. पुढच्या लोकांनी वाकून पाहिलं. विज्ञान डोळ्यांनी दिसलं की माणसाचं अज्ञान जातं, असं आपण भाषणात म्हणतो. तिथे एक म्हातारी नातवाला ओढून मागे सरली आणि म्हणाली, "जाळाबिगर पेटलं." मग कुणीतरी म्हणालं, "मास्तर बी त्यातलाच हाय."

पहिली लाठी डोक्यात बसली. मारणारा मघाशी ताठ उभा राहिलेल्यांपैकी एक होता. सर गुडघ्यावर आले. मला वाटलं आता उठतील आणि दोघा-तिघांना लोळवतील. त्या वयातही ते लोळवू शकले असते. पण ते सुवर्णावर पालथे पडले आणि दोन्ही हातांनी खुंटा धरून राहिले. हात सोडून मारायला उठले असते तर ती उघडी पडली असती. पाठीवर, बरगड्यांवर, मानेवर, जिथे जागा सापडेल तिथे लोक मारत होते. मी मध्ये घुसलो तर माझ्या मनगटाचा सांधा गेला. पोलिसांची गाडी वेशीत दिसली तेव्हा अंगण एकदम रिकामं झालं. चपला तेवढ्या पडून होत्या.

दोघांनाही सोलापूरला हलवलं. सुवर्णाचा जबडा तारेने बांधला. सरांच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. शुद्ध आल्यावर ते माझ्याशी पहिलं बोलले ते त्या लाठीबद्दल.

"त्येनं कसं मारलं बघितलंस? खांद्यातनं हात आणला. शाळेच्या मैदानावर म्याच शिकवलंय त्येला." मग पंख्याकडे बघत म्हणाले, "दुसरं काय शिकवलं म्या?"



पुढे येईल त्या माणसाला ते एकच सांगायचे, की म्या त्या पोरीला बोलायला लावलं, लावायला नको हुतं, ती गप हुती तेच बरं हुतं. ग्रुप बंद कर म्हणून माझ्या मागे लागले. बोटं चालत नव्हती, नाहीतर स्वतःच केला असता. नवरा पुण्याहून आला होता, त्याने सुवर्णाला माहेरी आणून सोडलं होतं. सर काय बोलत फिरतात... फिरतात कसले, पडल्या पडल्या बोलतात, हे तिच्या कानावर गेलं आणि एके दिवशी ती भावाला घेऊन वॉर्डात आली. तोंडावर पदर. सरांनी तिला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती खाटेच्या त्या बाजूला गेली. पदर काढला. बोलताना तिला त्रास होत होता, शब्द सुटत होते, पण ती चिडलेली होती आणि चिडूनच बोलली.

"सर, तुमी लावलं म्हणून म्या केलं, असं सांगायलाव म्हणं सगळ्यास्नी."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"तुमी न्हाई लावलं. मला बघायचा हुता दिवा कसा पेटतुया ते. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा मला काय तरी बघू वाटलं. मार म्या खाल्ला, दात माझे गेले. आन केलेलं तेवढं तुमच्या नावावर घेऊन चाललाव व्हय?"

वॉर्डातली नर्स थबकून बघायला लागली. दणके सरांना असं कुणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात वर जाईना. सुवर्णाने पदराने पुसले. मग सरांनी विचारलं, "किती दिस चालला दिवा?"

"मारायला आले तवर चालू हुता," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. त्यानंतर ग्रुप बंद कर म्हणून ते मला कधी म्हणाले नाहीत. दहा-बारा दिवसांनी मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला आणि ते गेले. मला त्यांची आठवण रोज येते. प्रेमाने येते, रागानेही येते, आणि कुठली आधी येईल हे माझ्या हातात नसतं.

त्या सकाळी ग्रुपवर मीच कळवलं. सुवर्णाचा आवाज आला त्या दिवसापासून ग्रुप मुका पडला होता. आता पटापट मेसेज यायला लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. मेणबत्ती. जोडलेले हात. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. कुणी कुठल्या कुठल्या ग्रुपवरून उचललेली चित्रं आणून चिकटवत होतं, खाली दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानाचं नाव. मी काउंटरवर बसून ते बघत होतो आणि माझं डोकं फिरत चाललं होतं. मोबाईल भिंतीवर फेकून मारावासा वाटत होता.

तेवढ्यात सुवर्णाने लिहिलं, 'त्या दिवशी माझा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला. का आला नाहीत ते लिहा.'

जोडलेले हात यायचे थांबले. मी तिच्या मेसेजकडे बघत राहिलो. एक गिऱ्हाईक बल्ब मागून, वाट बघून, निघून गेलं. कुणीच काही लिहिलं नाही. मला वाटलं आता एकेक जण ग्रुप सोडून जाईल, आणि एक जण गेलाही.

मग बाळूचं नाव वर आलं. तो काहीतरी लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. एवढ्या वेळाने त्याचा एकच शब्द आला. 'भ्यालो.'

त्याखाली आडत्यांनी लिहिलं, 'मला वाटलं दुसरं कुणीतरी जाईल.'

'घरचे नको म्हणाले.'

'पोलीस केस होईल म्हणून.'

'आवाज ऐकला आणि मोबाईल बंद करून ठेवला.'

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचं उत्तर सगळ्यात उशिरा आलं. 'खोटं लिहीत नाही. आवाज ऐकला तेव्हा क्षणभर माझ्याही मनात आलं, की करणी असेलही.'

सुवर्णाने कुणाला माफ केलं नाही आणि कुणाला काही बोललीही नाही. ज्यांनी अजून लिहिलं नव्हतं, त्यांची एकेक करून नावं घेऊन ती विचारत राहिली.